वर्षाला किती जाती गरीला लावायच्या?

विचारणारे रत्नागिरीजवळ राहतात आणि दोन वर्षं हौसेने गरवतात. त्यांचा मेव्हणा अमेरिकेत, मिनेसोटाला असतो. तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर बसून, बर्फाला भोक पाडून मासे धरतो आणि दर जानेवारीला कागदावर आकडा लिहितो, यंदा इतक्या जाती. गेल्या वर्षी त्याच्या १४ झाल्या. इकडे यांनी ईर्ष्येने २० ठरवल्या. यादीच्या डोक्यावर पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा. डिसेंबरअखेर झाल्या ६, त्यातही दोन शेंगाळ्यांचेच प्रकार. चुकलं कुठे आणि यंदा आकडा किती ठेवावा, असा प्रश्न आहे.

मी विजयदुर्गच्या खाडीवर वाढलो. तीसेक वर्षं गरी घालतोय आणि गेली अकरा वर्षं अशी यादी ठेवतोय, तेव्हा जरा सविस्तरच सांगतो.

तुमची यादी मासळी बाजारात उभं राहून केलेली दिसते. पापलेटाचं तोंड बघितलंय ना? एवढंसं. पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिश हे त्याचं खाणं. ते तुमच्या कोळंबीच्या तुकड्याकडे कशाला बघेल? इतक्या वर्षांत माझ्या गरीला एकही पापलेट लागलेलं नाही. २०२३ साली सरकारने त्याला राज्यमाशाचा मान दिला, तो त्याला लखलाभ, पण तुमच्या यादीतून त्याला खोडा. बोंबील आणि मांदेली जाळ्याचे मासे, त्यांनाही खोडा. सुरमई गरीला लागते, अगदी झकास लागते, पण किनाऱ्यावर उभं राहून नाही. त्यासाठी होडी हवी, होडीमागे गळ ओढत न्यावा लागतो आणि गळाच्या वर वीतभर बारीक तार हवी, कारण तिचे दात तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, कात्रीसारखं कापतात. म्हणजे हलवाही बाद धरून पहिल्या चारांतला एकटा बांगडाच तुमच्या हातातला होता.

आता बर्फाकडे येतो. योगायोगाने तुमच्या मेव्हण्याच्या मुलखात मी एक फेब्रुवारी काढलाय. धाकटी मुलगी तिथे असते. जावयाने पहाटे तळ्यावर नेलं. बर्फ दीड फूट जाड आणि त्यावर लोकांच्या गाड्या उभ्या! मी काठावरच थांबलो. मग त्याने तिथला हिशोब सांगितला: नवा, स्वच्छ बर्फ चार इंच असला की माणसाने चालायला हरकत नाही, छोटी गाडी न्यायची तर नऊ-दहा इंच तरी पाहिजे. यंत्राच्या गिरमिटाने त्याने आठ इंच रुंदीचं भोक पाडलं, आत तरंगणारा चुरा चक्क झाऱ्याने काढला, अगदी भजी काढावीत तसा. काठी हातभर. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तळ्याच्या बुडाशी त्यातल्या त्यात ऊब असते आणि बरेच मासे तळालगत असतात. गळ तिथवर सोडायचा आणि हलकेच नाचवायचा.

अर्धा तास झाला, काही नाही. मी आपला कोकणी माणूस, बसून राहिलो. जावई मात्र उठला आणि वीस पावलांवर दुसरं भोक पाडलं. मग तिसरं. सातव्या भोकात पर्च लागला, पिवळट-हिरवा, अंगावर उभे पट्टे, मोठ्या बांगड्याएवढा. उजेड जाता जाता एक वॉलाय आला. बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा मांजरासारखा चमकला आणि मला एकदम घरची आठवण झाली, कारण रात्री पाण्यावर बॅटरी मारली की आपला जिताडाही तसाच डोळा चमकावतो.

शेजारच्या खोपटात एक म्हातारा होता. त्याच्या भिंतीवर यादी चिकटवलेली होती, पण ती माशांच्या नावांची नव्हती. वर तळ्यांची नावं, खाली खोली, त्याखाली महिना, आणि मग त्या रकान्यात जे लागलं ते मासे. बर्बट नावाचा मासा तिकडे ऐन थंडीत, बर्फाखाली, रात्री अंडी घालतो, म्हणून त्याच्यासमोर फेब्रुवारी आणि रात्र असं लिहिलेलं. मी परत आलो आणि माझी वही त्याच पद्धतीने नव्याने आखली. त्या वर्षी माझ्या जाती ११ वरून १९ वर गेल्या. गरी तीच, तंगूस तेच.

आपण काय करतो? एक दगड धरतो. ‘हा आमच्या आजोबांचा दगड’ म्हणून त्याच दगडावर, त्याच कोळंबीने वर्षभर गरवतो आणि वर्षभर शेंगाळे काढतो. तुम्ही दोन वर्षांत किती ठिकाणी बसलात ते मोजा. माझा अंदाज आहे, दोन. फार तर तीन.

तेव्हा यंदाची वही अशी आखा: खडप (खडकाळ किनारा), पुळण (वाळूचा किनारा), खाडीचं तोंड, आतली कांदळवनाची खाडी, धक्का, आणि जमलं तर ओळखीच्या होडीवाल्याबरोबर दोन फेऱ्या बाहेर. प्रत्येक पाण्याला महिन्यातला किमान एक दिवस. नावं मागून येतील.

पुळणीपासून सुरुवात करा, कारण तिथे तुम्ही गेलेलाच नाही आणि तिथे मुडदुशी आहे. लोकांना वाटतं पुळणीवर नुसती वाळू. मुडदुशी त्या वाळूतच तोंड खुपसून खाते आणि घाबरली तर वाळूत घुसून बसते. तोंड लहान, म्हणून गळ लहान, आठ-दहा नंबरचा. तंगूस बारीक, शिसं बोटाच्या पेराएवढं, तेही वाळूवरून सरकेल असं. आमिषाला वाळूतला किडा मिळाला तर उत्तम, नाहीतर कोळंबी सोलून नखाएवढा तुकडा. फार लांब फेकू नका, हीच सगळ्यांची चूक. लाट फुटून परतते तिथे गुडघाभर पाण्यात एक घळ तयार होते, मुडदुशी तिथेच फिरते. तंगूस तर्जनीवर धरा. शेंगाळा ओढतो, मुडदुशी टकटक करते, दाराची कडी कुणी नखाने वाजवावी तशी. पहिल्या टकटकीला हात हलवायचा नाही. दुसऱ्यालाही नाही. मग तंगूस किंचित जड होतं, तेव्हा नुसतं मनगट वळवायचं. झटका दिलात तर तिचा ओठ फाटतो आणि हातात रिकामा गळ येतो. मला हे कळायला एक आख्खा सप्टेंबर गेला.

रावसही पुळणीचा आणि खाडीच्या तोंडाचा. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी निवळत असताना जिवंत कोळंबीला येतो. ओळखायचा कसा? गालामागे, पोटाच्या बाजूला परांचे चार सुटे धागे लोंबतात, गढूळ पाण्यात चाचपडण्यासाठी. त्याच्या भावकीतल्या दाढ्याला असे पाच. मोजून बघा. बाजारात सर्रास एकाच्या नावावर दुसरा विकतात, वहीत तरी तसं नको.

खडपावर हेकरू आणि तांबोशी. दोघांचा खाक्या एकच: आमिष तोंडात घेतलं की कपारीत. तिथे बारीक तंगूस घेऊन गेलात तर नुसते गळ वाटत फिराल. तांबोशी लहानपणी खाडीत, मुळांच्या जाळीत वाढते आणि मोठी झाली की बाहेर खडकाळ समुद्राकडे जाते. म्हणजे एकच जात तुम्हाला दोन पाण्यांत, दोन रूपांत भेटते.

कांदळवनाच्या खाडीत काळुंदर. शेवाळ खरवडून खाणारा मासा, त्यामुळे लहान गळ, कणकेची छोटी गोळी आणि सावलीतलं संथ पाणी. अंडी-पिल्लांची राखण नर-मादी दोघं मिळून करतात. पाण्याखाली जोडी एकाच जागी घुटमळताना दिसली तर ती जागा सोडून पुढे जायचं. बोय म्हणाल तर ती गाळातलं आणि शेवाळावरचं खाते, गरीला क्वचितच. धक्क्यावर पावाच्या गोळीला मला तीन मिळाल्या आहेत, अकरा वर्षांत तीन. यादीत ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. बांगड्यालाही धक्काच बरा. एका तंगुसावर पिसं बांधलेले पाच-सहा लहान गळ लावून वरखाली करत राहायचं. थवा आला तर दहा मिनिटांत बादली, नाहीतर दिवसभर हात दुखवणे.

भरतीचं गणित तुम्हाला येत असेलच, तरी सांगतो, कारण ही यादी त्यावरच चालते. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. हा ठोकताळा मुंबईकडे बराच जुळतो, आपल्याकडे दक्षिणेला भरती थोडी आधी येते. पुनव-अवसेच्या उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं पळतं की शिसं तळाला टिकत नाही. ते दिवस आतल्या खाडीला द्या, पाणी मुळांत चढतं आणि मासेही त्यामागून चढतात. भांगाला, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाणी आळसावलेलं असतं, तेव्हा पुळण आणि खडप. इतकं जरी पाळलंत तरी तुमच्या निम्म्या फुकट फेऱ्या वाचतील.

आता नावांबद्दल. इथे सगळा घोळ आहे, आणि घोळ हाही एक मासाच आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत १५ नावं होती. मोठ्या ऐटीत मी ती मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाला दाखवली. त्याने पेन्सिल घेऊन चार नावं खोडली. अलिबाग-पेणला मामाकडे धरलेला जिताडा, मालवणला धरलेली चोणक आणि पालघरला मित्राने ‘खजुरी’ म्हणून ओळख करून दिलेला मासा, तिन्ही एकच, शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर. तांबोशीचं पिल्लू मी वेगळ्याच नावाने लिहिलेलं. चौथं काय होतं ते लाजेखातर सांगत नाही. उलटही होतं: आपण सरसकट ‘हेकरू’ किंवा ‘शेंगाळा’ म्हणतो त्यात प्रत्यक्षात अनेक जाती असतात. त्यामुळे तुमचे दोन शेंगाळे खरोखर दोन असू शकतील, ते मी नाकारत नाही. फोटो काढताना मासा आडवा, पर पसरलेले, शेजारी पट्टी. एक फोटो तोंडाचा जवळून. रत्नागिरीतच झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, तिथे एक दुपार घालवा. काचेमागचा मासा शांतपणे बघितला की पुढे गरीवर धडपडणारा ओळखता येतो.

वर्षाची आखणी करताना पावसाळ्याचा खड्डा धरूनच चाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद. तिकडेही असंच आहे म्हणा, मिनेसोटातल्या तळ्यांवर वॉलायची मुदत फेब्रुवारीच्या अखेरीला संपते आणि मे महिन्यात पुन्हा उघडते. आपल्याकडे बिनयंत्राच्या होडीला आणि काठावरून गरवणाऱ्याला ही बंदी लागू नाही, म्हणून हौशी लोक जुलैत खडपावर जातात. मीही गेलोय. एका जुलैत विजयदुर्गच्या बाजूला एका लाटेने मला दगडावरून उचललं आणि दुसऱ्या दगडावर आपटलं. गुडघा अजून थंडीत बोलतो, आणि गरी, डबा, एक चप्पल सगळं दर्याला गेलं. त्या दिवशी मला यादीतली अकरावी जात हवी होती, एवढंच कारण. जून-जुलैत खडप बंद, हा नियम मी त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. तुम्हीही लिहा.

पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताडा उतरतो, अंडी घालायला. इथे थोडं थांबतो, कारण हा मासा समजून घेण्यासारखा आहे. तो जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे त्या दिवसांत तुमच्या गरीला लागलेलं दहा किलोचं धूड जवळपास नक्कीच मादी, आणि बहुधा गाभोळीने भरलेली. हेकरूचं उलट, आधी मादी, मग नर. मोठा तेवढा उचलत गेलात की एका जातीच्या माद्या संपतात आणि दुसऱ्याचे नर. जातींच्या यादीचा मला आवडणारा भाग हाच: एकदा नाव लिहिलं गेलं की दुसरा, तिसरा, मोठा धरायची गरज उरत नाही. फोटो काढा, पाण्यात धरून ठेवा, कल्ले नीट चालायला लागले की सोडा. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकलात तर सोडणं सोपं जातं. चार-दोन मासे निसटतील, निसटू देत.

पहिल्या पावसात शेतात-ओढ्यात चढणारे मासे, आपल्याकडचे चढणीचे आणि रायगड-ठाण्याकडचे वळगणीचे, मी यादीत धरत नाही. पोटात अंडी घेऊन चढणाऱ्या माशाला ओहोळात अडवून काठीने मारायचं, यात गरवण्यासारखं काही नाही. आमच्या गावात हे बोललो की लोक हसतात. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे म्हणून मासे राखतात, तिथे मात्र तेच लोक हात जोडतात.

मोजायचे माझे नियम असे: मासा गळानेच, तोंडातच लागलेला हवा, पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, धरलेला नाही. स्वतः काढलेला हवा. जात पटली पाहिजे, नाहीतर समोर प्रश्नचिन्ह, आणि वर्षअखेर प्रश्नचिन्हं मोजायची नाहीत. बोटाएवढं पिल्लू लागलं तर ते जातीत धरत नाही. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, पापलेटाला १३५ मिलिमीटर, त्याच धर्तीवर आपलीही पट्टी असावी. करवत मासा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीतला, चुकून लागलाच तर तंगूस कापून सोडायचा, फोटोच्याही नादी लागायचं नाही. आणि मालवणला गरवणार असाल तर १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, कुठे बसायचं ते आधी विचारून घ्या. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील त्या पुळणीवर गरी टाकू नका. त्यांचं पोट आहे ते, आपली हौस.

दोन मासे हाताळण्याबद्दल. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, विषारी. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे. शेंगाळ्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, तोवर काही खात नाही. कधी जाळ्यात आलेल्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर दचकू नका. केंड लागला तर फुगेल, पोरं हसतील, पण तो फक्त सोडायचा. कुणी काहीही सांगो, खायचा नाही.

आता आकडा. पहिलं नीट आखलेलं वर्ष, नोकरी सांभाळून, महिन्याला चार-पाच फेऱ्या: १२ ठेवा. मेव्हण्याच्या १४ शी स्पर्धा करू नका. त्याला हिवाळ्यात दोन गळ एकाच वेळी टाकायची मुभा आहे आणि भोकाखाली मासा आहे की नाही ते दाखवणारा पडदा आहे. बारांतल्या आठ तुमच्या आवाक्यातल्या धरा: मुडदुशी, शेंगाळा, काळुंदर, तांबोशी, हेकरू, ढोमा, बांगडा, रावस. दोन मेहनतीच्या: जिताडा आणि बोय. एक होडीची, सुरमई, थंडीत मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा पडल्यावर सकाळी. बारावी जागा रिकामी ठेवा. दर वर्षी काहीतरी असं लागतं की ज्याचं नाव आपल्याला माहीतच नसतं, आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा वाचलेली पानं तीच आहेत. गेल्या वर्षी ती जागा एका लेपाने भरली, वाळूच्या रंगाचा, चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. मी तर वाळलेलं पान लागलंय म्हणून झटकणार होतो.

येत्या अष्टमीला भाट्याच्या पुळणीवर जा. भरतीच्या तासभर आधी पोहोचा, शेंगाळ्याचे मोठे गळ घरीच ठेवा, आणि पहिल्या अर्ध्या तासात टकटक आली नाही तर पन्नास पावलं सरकून बसा.